मौनातली ध्यानसाधना : आठ दिवसांची, तीस दिवसांची की घरी राहून करायची?

ध्यानसाधना या एकाच नावाखाली ख्रिस्ती मंडळीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत वक्ता बोलतो, बाकीचे ऐकतात, गीतं होतात आणि शेवटी सामुदायिक प्रार्थना होते. दुसरीत साधक मौन पाळतो, दिवसातून चार-पाच वेळा तास-तासभर एकटा प्रार्थनेला बसतो आणि रोज एकदा मार्गदर्शकाला भेटून त्या तासांत काय घडलं ते सांगतो. हे परीक्षण या दुसऱ्या प्रकाराचं आहे. जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकावर ती बेतलेली असते. जेझुइट धर्मगुरूंबरोबरच आता धर्मभगिनी, प्रापंचिक स्त्री-पुरुष आणि कॅथलिकेतर मंडळ्यांतले पाळकही ती देतात.

निकाल आधीच सांगतो. ‘देव माझ्यावर प्रेम करतो’ हे लहानपणापासून पाठ आहे, उपदेशातून कितीदा तरी ऐकलं आहे, पण आत कुठे पोचलेलंच नाही, अशा माणसासाठी ही साधना फार मोलाची आहे. अट एवढीच की ती नीट दिली गेली पाहिजे. नीट म्हणजे कशी, हे नाव नोंदवताना बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून इथे जरा खोलात जातो.

मुळाशी काय आहे ते थोडक्यात. १५२१ साली स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले इग्नेशियस घरी अंथरुणाला खिळले होते. वाचायला मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तेव्हा त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्नं रंगवताना गोड वाटायचं, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला, की तो आनंद विचार संपल्यावरही टिकायचा. मनातली हालचाल अशी मागे काय ठेवून जाते त्यावरून ओळखायची, हाच पुढच्या सगळ्या साधनेचा कणा झाला. १५२२-२३ मध्ये मान्रेसा इथल्या मुक्कामात त्यांच्या नोंदी सुरू झाल्या आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी पुस्तकाला मान्यता दिली. हे पुस्तक साधना देणाऱ्याच्या हाती ठेवण्यासाठी आहे. भक्तिपर वाचन म्हणून कोणी ते उघडलं तर दहा-बारा पानांत कंटाळेल, कारण आत सूचना, मुद्दे आणि नियम आहेत. मार्गदर्शकाशिवाय नुसतं वाचून ‘आम्हाला काही मिळालं नाही’ म्हणणाऱ्यांची निराशा बरीचशी यातूनच येते.

साधनेचे चार ‘आठवडे’ असतात, पण ते सात-सात दिवसांचेच असावेत असं नाही. पहिल्यात स्वतःचं पाप आणि देवाची दया, दुसऱ्यात येशूचं जीवन, तिसऱ्यात दुःखसहन आणि मरण, चौथ्यात पुनरुत्थान. या सगळ्याच्या आधी एक पायाभूत विचार येतो: माणूस देवाकडून आला, देवासाठी आहे, आणि बाकीच्या गोष्टी त्या वाटेवर उपयोगी पडतील तेवढ्याच धरायच्या किंवा सोडायच्या. साधना देण्याच्या सेवेची पहिली परीक्षा इथेच होते. चांगला मार्गदर्शक या पायावर घाई करत नाही. यशया ४३, स्तोत्र १३९, होशेय ११ असे बायबलमधले उतारे देऊन तो साधकाला आधी एवढंच कळू देतो, की मला कोणीतरी नावाने हाक मारून हवंसं म्हटलं आहे. आठ दिवसांच्या साधनेत यासाठी दीड-दोन दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत. घरी राहून करायच्या प्रकारात तर काही आठवडे जातात आणि जायलाच हवेत.

हा पाया उरकून थेट पापाच्या मननाला हात घातला, की साधना बिघडते. प्रेमाची खात्री नसताना माणूस पापाकडे पाहू लागला, तर त्याला अपराधीपणा येतो, स्वतःचा तिटकारा येतो, आणि त्यालाच तो पश्चात्ताप समजतो. इग्नेशियस तर पहिल्याच पापमननाच्या शेवटी साधकाला क्रूसावरच्या ख्रिस्तासमोर उभं करतात आणि विचारायला लावतात: मी ख्रिस्तासाठी काय केलं, काय करतो आहे, काय केलं पाहिजे? हे प्रश्न ज्याच्यासमोर विचारायचे, तो आधीच आपल्यासाठी मेलेला आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य ज्या साधनेत पापमननाच्या आधी ऐकू येत नाही, ती आम्ही शिफारस करणार नाही.

आता एक तास कसा चालतो ते जवळून पाहू, कारण सेवेचा दर्जा शेवटी या तासावरच ठरतो. उतारा आदल्या रात्री किंवा थोडा वेळ आधी वाचून ठेवायचा. समजा योहान १३, येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग. बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे थांबायचं आणि एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागेल तितका वेळ, देव आपल्याकडे कसा पाहतो आहे याचा विचार करत उभं राहायचं. मग नमन. ही सूचना पुस्तकातलीच आहे, पण घाईत सर्वांत आधी हीच गळते. ती गळली तर पुढचा तास आपण देवाकडे पाहण्याच्या खटपटीत जातो आणि त्याचं पाहणं निसटून जातं.

त्यानंतर छोटी तयारीची प्रार्थना: माझे सगळे हेतू, कृती आणि व्यवहार देवाच्या सेवेकडेच लागलेले असोत. मग प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा: माडीवरची खोली, भांडं, पाणी, टॉवेल, कोण कुठे बसलं आहे. मग हवं ते स्पष्ट शब्दांत मागायचं. इथे मोघम राहू नये. ‘प्रभू, मला आशीर्वाद दे’ असं म्हणण्यापेक्षा ‘तू माझे पाय धुतोस तेव्हा मागे न सरकण्याची कृपा दे’ असं मागणं जास्त उपयोगी, कारण तासाच्या शेवटी ते मिळालं की नाही हे पाहता येतं. मग माणसं पाहायची, त्यांचं बोलणं ऐकायचं, ती काय करतात ते बघायचं. जिथे मन धरलं जाईल तिथेच थांबायचं. उतारा संपवायचं बंधन नाही. शेवटी संवाद, मित्र मित्राशी बोलतो तसा, आणि प्रभूची प्रार्थना. तास झाल्यावर जागा बदलून पंधरा मिनिटं आढावा घ्यायचा आणि चार ओळी लिहायच्या: कुठे हललो, कुठे अडलो, कुठे पळालो. चार ओळीच. पानंच्या पानं लिहिणारा साधक पुढच्या तासात प्रार्थना करण्याऐवजी लिहिण्याजोगं काहीतरी शोधत बसतो.

हाच प्रसंग मुद्दाम घेतला, कारण त्यातल्या पेत्र या शिष्याची अडचण साधकांमध्ये सर्रास दिसते. ‘तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत.’ वरवर ही नम्रता वाटते. येशू ती मान्य करत नाही. धुऊ दिलं नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सरळ सांगतो. देवाचा शोध घेणाऱ्या माणसाला सेवा करायला, उपास करायला, पहाटे उठायला सांगा, तो आनंदाने करेल. काही न करता प्रेम घ्यायला सांगितलं की त्याची चुळबुळ सुरू होते. ‘आधी सुधारतो, मग येतो.’ ‘माझ्यापेक्षा गरजू कितीतरी आहेत.’ किंवा पेत्रानेच लूकच्या पाचव्या अध्यायात म्हटल्यासारखं, ‘प्रभू, माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे.’ काहींच्या मनात देवाची जागा चुका मोजणाऱ्या तपासनिसाने घेतलेली असते. ही प्रतिमा वादविवादाने जात नाही. ती जाते प्रसंगात पुन्हा पुन्हा बसून, येशूला प्रत्यक्ष वागताना पाहून. चांगला मार्गदर्शक अशा वेळी समजावत बसत नाही. ‘तो तुझ्यासमोर टॉवेल घेऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता?’ एवढंच तो विचारतो आणि त्याच प्रसंगाकडे परत पाठवतो.

हे परत पाठवणं म्हणजे पुनरावृत्ती, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त तक्रार हिच्याबद्दल असते. सकाळचाच उतारा दुपारी पुन्हा कशाला? पण पुनरावृत्तीत सगळा उतारा नव्याने घ्यायचा नसतो. जिथे समाधान वाटलं किंवा जिथे ठेच लागली तेवढीच जागा घ्यायची. डोक्यातले विचार एव्हाना संपलेले असतात, म्हणून मन बोलू लागतं. पुष्कळ जाणण्याने आत्मा तृप्त होत नाही, आतून अनुभवण्याने आणि चाखण्याने होतो, हे इग्नेशियस यांनी पुस्तकाच्या सुरुवातीला क्रमाने दिलेल्या सूचनांपैकी दुसऱ्याच सूचनेत सांगून ठेवलं आहे. रोज चार तासांना चार नवे उतारे देणारी साधना साधकाला व्यस्त ठेवते, पण भरत नाही.

तासात काय काय बिघडतं? शिकलेल्या ख्रिस्ती माणसाची प्रार्थना बघता बघता बायबल-अभ्यास होते. तळटीपा, समांतर उतारे, मूळ भाषेतला अर्थ. पाळक आणि धर्मगुरू तर पुढच्या उपदेशाचे मुद्दे काढू लागतात. दोन्ही चांगली कामं आहेत, पण त्यांची ही वेळ नाही. फोनवरचं बायबल वापरू नये, कागदी घ्यावं. चाळीस मिनिटांनी कंटाळा आला तर उठू नये. कंटाळा असेल त्या दिवशी तासापेक्षा थोडं जास्तच बसावं, अशी तेरावी सूचना आहे. आसनाबद्दल पुस्तक मोकळं आहे: गुडघ्यांवर, बसून, उभं, अगदी पालथं पडूनही चालतं, फक्त हवं ते सापडलं की चुळबुळ करत जागा बदलायची नाही. आणि पहिल्या दिवशी झोप येते. अंगातला थकवा निघू द्यावा. पहिल्या संध्याकाळपासूनच घट्ट वेळापत्रक बांधणाऱ्या केंद्रांनी हे लक्षात घ्यायला हवं.

आता मार्गदर्शकाविषयी. रोजची भेट अर्ध्या ते पाऊण तासाची असावी आणि त्यात जास्त बोलणं साधकाचं असावं. पंधरावी सूचना स्पष्ट आहे: देणाऱ्याने साधकाला एका बाजूला ढकलू नये, निर्माणकर्त्याला त्याच्या माणसाशी थेट व्यवहार करू द्यावा. म्हणजे धर्मसेवेला जावं का, लग्न करावं का, यावर साधनेच्या काळात मार्गदर्शकाने मत देऊ नये. भेटीत छोटं प्रवचन देणारा, स्वतःचे अनुभव सांगणारा किंवा उताऱ्यांची लांब यादी हातात ठेवणारा मार्गदर्शक कितीही भक्तिमान असला तरी या कामाला योग्य नाही. ही भेट म्हणजे पापनिवेदन नव्हे. पापनिवेदन शक्यतो दुसऱ्या धर्मगुरूकडे करता यावं, म्हणजे साधकाला दोन्हीकडे मोकळेपणा राहतो.

मार्गदर्शकाची खरी गरज कोरड्या दिवसांत कळते. आठ दिवसांच्या साधनेत असा टप्पा मध्यावर बहुधा येतोच. सगळं निरर्थक वाटतं, घरी जावंसं वाटतं, देव दूर गेला असं वाटतं. मनातल्या हालचाली कशा ओळखायच्या हे सांगणारे विवेकाचे नियम पुस्तकात आहेत; त्यांतला पाचवा नियम इथे अक्षरशः पाळावा: कोरडेपणात आधीचा कोणताही निर्णय बदलू नये. बॅग भरण्याचा निर्णयही त्यात आला. सहावा नियम सांगतो की बदलायचंच तर स्वतःला बदला, प्रार्थना थोडी वाढवा, काय घडतंय ते नीट तपासा. नवव्यात तीन कारणं दिली आहेत: आपला आळस, आपली कसोटी, किंवा समाधान ही आपली कमाई नसून देणगी आहे हे आपल्याला कळावं म्हणून. तिसरं कारण प्रेम स्वीकारण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. आदल्या दिवशीचा गोडवा आपण तंत्राने मिळवला असा ज्याचा समज होतो, त्याच्या हातून तो सुटतो, आणि मग मागण्यासाठी तो पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहतो. आणखी एक, तेरावा नियम: जी गोष्ट मार्गदर्शकाला सांगू नये असं फार जोरात वाटतं, तीच आधी सांगावी.

तीन प्रकारांपैकी कोणता घ्यावा? तीस दिवसांची पूर्ण साधना आयुष्याची दिशा ठरवण्याच्या वळणावर असलेल्यांसाठी. जेझुइट स्वतः ती दोनदा करतात, नवशिक्षणाच्या काळात आणि प्रशिक्षणाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. आठवड्यांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस असतात; ते नसतील तर माणूस शेवटी ओढत नेल्यासारखा चालतो. आठ दिवसांची साधना ज्यांना रोज निदान अर्धा तास शांत प्रार्थनेची सवय आहे त्यांच्यासाठी उत्तम. सवय नसलेल्याने आधी दोन-तीन दिवसांची करून पाहावी, मात्र तिच्याकडून ओळखीपलीकडे अपेक्षा ठेवू नये. मन शांत होईपर्यंतच ती संपते.

संसारी, नोकरदार माणसासाठी आमची पसंती निःसंशय तिसऱ्या प्रकाराला आहे. एकोणिसावी सूचना अशाच लोकांसाठी आहे: कामातून सुटका नसलेल्याने रोज दीड तास काढून, घरी राहून, पूर्ण साधना करावी. आज सहसा रोज पाऊण ते एक तास प्रार्थना आणि आठवड्याला एक भेट असा क्रम असतो, आणि सगळं मिळून सात ते नऊ महिने लागतात. लांबीची भीती वाटते, पण तीच या प्रकाराची ताकद आहे. बुधवारी ऑफिसात झालेला अपमान गुरुवारी पहाटे येशूसमोर येतो. प्रेमाचा स्वीकार शांत आवारात होतो आणि घरी पोचल्यावर विरतो, असं इथे होत नाही, कारण तो घरातच झालेला असतो.

हा प्रकार बिघडतो तो वेळेमुळे. प्रार्थना ‘सगळी कामं आवरल्यावर’ ठेवली की दुसऱ्या आठवड्यातच ती बंद पडते. एकच वेळ, एकच खुर्ची, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांना सांगून ठेवलेलं असावं. आठवड्यात प्रार्थना झाली नाही म्हणून लाजेने भेट टाळली जाते, आणि साधना सुटते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी. प्रार्थना झाली नसेल तरी भेटीला जावं. का झाली नाही यावर बोलणं हाही साधनेचाच भाग आहे. या प्रकाराची भेट व्हिडिओ कॉलवर चांगली होते. आठ दिवसांची मौनसाधना मात्र माणसांनी भरलेल्या घरात, कॉलवर करू नये.

शेवटची पायरी म्हणजे प्रेमप्राप्तीचं मनन, आणि आमची सगळ्यात मोठी तक्रारही हिच्याशी जोडलेली आहे. सुरुवातीलाच इग्नेशियस दोन गोष्टी सांगतात: प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसावं, आणि प्रेम म्हणजे दोघांनी आपापल्याकडचं एकमेकांना देणं. मग चार मुद्दे: देवाने मला काय काय दिलं, तो त्या देणग्यांमध्ये आणि माझ्यात कसा राहतो, तो माझ्यासाठी सगळ्या सृष्टीत कसा राबतो, आणि सगळं चांगलं वरून, त्याच्याकडूनच कसं येतं. प्रत्येक मुद्द्यानंतर समर्पणाची प्रार्थना आहे: प्रभू, माझं स्वातंत्र्य, स्मरण, बुद्धी, इच्छा सगळं घे, तुझं प्रेम आणि कृपा दे, मला तेवढं पुरे. पहिल्या मुद्द्यावर आठवणीतून खऱ्याखुऱ्या वस्तू, माणसं, प्रसंग नावानिशी मोजत गेलं तर एक तास पुरत नाही. आणि एवढं मोलाचं मनन कित्येक ठिकाणी निघायच्या दिवशी सकाळी, सामान आवरता आवरता उरकलं जातं. त्याला निदान एक पूर्ण दिवस मिळायला हवा. ती समर्पणाची प्रार्थना पहिल्या दिवशीच छापून हातात देणंही चूक. घेतल्याचा अनुभव नसताना देण्याची भाषा जड जाते आणि पुन्हा तीच कमाईची धडपड सुरू होते.

घरी नेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे दैनंदिन आत्मपरीक्षण. पंधरा मिनिटं, पाच पायऱ्या: आभार, प्रकाशासाठी मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. पहिली पायरी आभाराची आहे, ती गाळून थेट चुकांवर येऊ नये.

कॅथलिक केंद्रांत रोज मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) असते आणि मूळ क्रमात पवित्र मरियेशी संवादही येतो. इतर मंडळ्यांतल्यांनी आधी बोलून घेतलं तर क्रम त्यांच्या श्रद्धेनुसार जुळवून मिळतो. साधकाच्या वय, शिक्षण, प्रकृतीप्रमाणे साधना बदलावी, हे अठराव्या सूचनेत आहेच. याच सूचनेच्या आधाराने सांगतो: अगदी नुकताच मोठा शोक झाला असेल, तीव्र नैराश्य असेल, किंवा मनाच्या आजाराचे उपचार सुरू असतील, तर दीर्घ मौनात जाण्यापूर्वी डॉक्टर आणि मार्गदर्शक दोघांशी बोलावं, आणि साधनेसाठी गोळ्या बंद करू नयेत. नको म्हटलं गेलं तर तेही मायेनेच म्हटलेलं असतं. घरी राहून, लहान प्रार्थनांनी, आठवड्याच्या भेटीने सुरुवात करता येते.

नोंदणीपूर्वी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. मार्गदर्शक रोज भेटणार का? एका मार्गदर्शकाकडे साधक किती? सहा म्हणजे पाऊण तासाप्रमाणे रोजचे साडेचार तास ऐकणं. त्यापुढे कोणाचंही लक्ष टिकत नाही. दिवसातून किती व्याख्यानं आहेत? एकापेक्षा जास्त असतील तर तो अगदी सुरुवातीला सांगितलेला, वक्ता बोलतो आणि बाकीचे ऐकतात तो प्रकार समजावा. आणि मार्गदर्शकाने स्वतः पूर्ण साधना केली आहे का, ती देण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे का? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडून गोलमाल उत्तर आलं, तर जागा कितीही शांत आणि सुंदर असली तरी दुसरं केंद्र शोधावं.